गल्ला मोठा म्हणजे पिक्चर मोठं का? एका टॉकीजवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एका पिक्चरनं आठशे कोटींचा धंदा केला, तुमचा मित्र म्हणतो एवढी पब्लिक काय येडी आहे का, म्हणजे पिक्चर भारीच असणार, आणि तुम्ही मात्र बघायला गेलात तर इंटरव्हलनंतर तुम्हाला डुलकी लागली. त्यावरून दोघांची पैज लागलीय, हरेल त्यानं पुढच्या पिक्चरची तिकिटं काढायची. आणि शेवटी विचारलंय की कमाई हा चांगल्या कलेचा पुरावा धरायचा का, जाणकारांनी सांगावं.

जाणकार म्हणजे समीक्षक पाहिजे असेल तर तो मी नाही. मी टॉकीजवाला माणूस. १९८९ ला, सोळा वर्षांचा असताना, परभणी-नांदेड पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑपरेटरच्या केबिनमध्ये रीळं गुंडाळायला लागलो, मग बुकिंगच्या खिडकीवर बसलो, मग मॅनेजर झालो. ती टॉकीज लॉकडाऊनमध्ये बंद पडली ती पडलीच. आता जिल्ह्याच्या गावी दोन पडद्यांच्या एका थेटरात कोणतं पिक्चर कोणत्या शोला लावायचं ते बघतो. म्हणजे पस्तीस वर्षं माझी भाकरी गल्ल्यावरच चाललीय, त्यामुळं गल्ल्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही हे आधीच सांगून टाकतो.

पण तुमचा खरा प्रश्न मला जरा वेगळा वाटला. तुम्हाला विचारायचंय ते असं, की एवढ्या लोकांना आवडलं आणि मला नाही, तर माझ्यातच काही कमी आहे का. आणि तुमच्या मित्राचं खरं दुखणं असं दिसतंय, की चार शहाण्यांनी आम्हाला काय आवडावं ते शिकवू नये. दोघांचंही मला पटतं. फक्त त्यात आठशे कोटींना साक्षीदार म्हणून उभं करू नका, तो साक्षीदार फार गोलमाल बोलतो. कसा ते सांगतो.

आधी आकड्याचंच बघू. बातमीत येतो तो आकडा बहुतेक वेळा ग्रॉस, म्हणजे करासकट सगळा गल्ला असतो, कधी नेट, म्हणजे कर वजा केलेला असतो, कधी जगभरचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं एवढे पैसे निर्मात्याच्या खिशात गेले. समजा आमच्याकडं दीडशेचं तिकीट आहे. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले साधारण तेवीस रुपये सरकारचे, उरले एकशे सत्तावीस, ते नेट. त्यात मल्टिप्लेक्सला पहिल्या आठवड्याला निम्मा शेअर वितरकाचा, दुसऱ्या आठवड्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, मग तीस. हे २००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले, दोन महिने नवीन पिक्चर लागले नाहीत, तेव्हा ठरलेलं गणित, आजही साधारण तेच धरून चालतात. सिंगल स्क्रीनला परत वेगळं, कुठं एमजी, म्हणजे आधीच ठरवलेली किमान रक्कम, कुठं भाडं, कुठं टक्केवारी, ज्याची त्याची सोय. म्हणजे शंभर कोटी ग्रॉस म्हणजे पंच्याऐंशीच्या आतबाहेर नेट आणि त्यातले चाळीसेक कोटी मागं जाणार. पिक्चर बनवायलाच दोनशे लागले असतील तर 'शंभर कोटींची धमाकेदार कमाई' हे पडलेलं पिक्चर असतं, आणि चार कोटीत बनलेल्यानं वीस केले तर ते सुपरहिट. त्यामुळं नुसता आकडा धंदा झाला का हे सुद्धा धड सांगत नाही, कलेचं तर लांबच राहिलं.

आणि तो आकडा खरा किती हेही बघा. आपल्याकडं सगळ्या थेटरांचे आकडे एका जागी सरकारी शिक्क्यानिशी जाहीर होत नाहीत, अंदाज असतात. माझ्या सुरुवातीच्या काळात करमणूक कर जबरदस्त होता, तेव्हा थेटरवाले गल्ला लपवायचे. फाडलेलं तिकीट परत खिडकीवर यायचं आणि परत विकलं जायचं, डीसीआरवर, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या रिपोर्टवर, साडेतीनशे लिहायचे आणि आत सहाशे बसलेले. म्हणून वितरक स्वतःचा रिप्रेझेंटेटिव्ह पाठवायचा, तो बिचारा बाल्कनीत बॅटरी मारून मुंडकी मोजायचा, आणि त्याला जेवायला कोणत्या हॉटेलात न्यायचं ते आमच्या मालकाला बरोबर माहीत असायचं. आता उलटं झालंय. आता आकडा फुगवायची पद्धत आहे, कारण आकडा हीच जाहिरात. एकावर एक फ्री तिकिटं, कंपन्यांनी घाऊक घेतलेली सीटं. मी स्वतः बघितलंय, मोबाईलवर अर्धा हॉल बुक दिसतोय आणि आत जाऊन बघावं तर बावीस माणसं.

अजून एक गंमत सांगतो. पिक्चरच्या धंद्यात देशाचे पट्टे पाडलेत, त्यांना टेरिटरी म्हणतात. आपला मराठवाडा हिंदी पिक्चरसाठी कोणत्या टेरिटरीत येतो माहितीय का? निजाम! हैदराबादसोबत. मुक्तिसंग्राम १९४८ लाच संपला पण पिक्चरवाल्यांच्या नकाशात आम्ही अजून निजामातच आहोत. आमच्या रिळांच्या पेट्या हैदराबादहून यायच्या. तर 'निजाममध्ये पिक्चर जोरात' अशी बातमी आली की त्यात हैदराबादच्या मोठ्या थेटरांचा गल्ला आणि आमच्या तालुक्याचा गल्ला एकाच पोत्यात. आमच्या गावाला पिक्चर आवडलं का, हे त्या पोत्यातून काढून कोण दाखवणार.

बरं, आकडा शंभर टक्के खरा आहे असं धरून चालू. तरी पहिल्या तीन दिवसांचा गल्ला पिक्चर कसं आहे ते सांगतच नाही, कारण तिकीट काढणाऱ्यानं पिक्चर बघितलेलंच नसतं! एवढी साधी गोष्ट आहे. शुक्रवार-शनिवार-रविवार लोक येतात ते हिरोच्या नावावर, गाण्यावर, ट्रेलरवर, सुट्टीवर. आमच्याकडं तर त्याहून भलत्या गोष्टींवर. सोयाबीन काढून पैसा हातात आला की दिवाळीचं पिक्चर जोरात, त्याच पिक्चरला पाऊस लांबलेल्या वर्षी कुत्रं विचारत नाही. बाजाराच्या दिवशी दुपारचा शो भरतो कारण बाजार उरकलेल्या माणसाला गाडीची वेळ होईपर्यंत बसायला जागा पाहिजे. ईदला पहिल्या शोला पोरं नवीन कपड्यात रांगेत उभी, पिक्चर कोणतं आहे ते दुय्यम. आणि मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना एक आजोबा मला म्हणाले होते, "पिक्चर कोणतंबी लाव बाबा, कूलर चालू ठेव म्हंजे झालं." त्यांच्या तिकिटाचे पैसेपण त्या पिक्चरच्या गल्ल्यातच मोजले गेले ना.

आणि शो किती मिळाले ते तर फारच मोठं आहे. मोठ्या पिक्चरचा वितरक सरळ सांगतो, सगळे शो द्या नाहीतर पिक्चर विसरा. मग गावात दुसरं पिक्चरच नाही, बघणार तरी काय लोक. त्याच आठवड्यात एखादं बारकं मराठी पिक्चर असलं तर त्याला सकाळचा नऊचा शो. आमच्याकडं सकाळी नऊला माणूस एकतर रानात असतो नाहीतर तहसीलला. एकदा असंच एक पिक्चर मी नऊला लावलं, चौदा तिकिटं गेली, आणि शो सुटल्यावर ती चौदा माणसं जिन्यात उभी राहून अर्धा तास त्याच्यावरच बोलत होती, मला झाडूवाल्याला थांबवावं लागलं. मंगळवारी मीच ते पिक्चर उतरवलं. चूक कळत होती, पण लाईट बिल मला भरायचं होतं. त्या पिक्चरच्या नावावर कायमचं 'फ्लॉप' लागलं आणि त्यात माझ्याही सहीचा हात आहे.

म्हणून आम्ही थेटरवाले शुक्रवारपेक्षा सोमवार बघतो, आणि त्याहून जास्त दुसरा सोमवार. पहिल्या शुक्रवारी माणूस जाहिरातीवर येतो, दुसऱ्या सोमवारी शेजाऱ्याच्या सांगण्यावर येतो. शुक्रवारचे शंभर धरले आणि सोमवारी पन्नास-साठ आले तर पिक्चर धरून आहे, वीस आले तर पोस्टर गुंडाळायला घ्या. तुमच्या मित्राला भांडायचंच असेल तर आठशे कोटी सोडून त्यानं हा आकडा घेऊन भांडावं, त्यात जरा दम आहे. पिक्चर बघून आलेल्यांनी दुसऱ्याला 'जा' म्हणलं, एवढं तरी त्यातून कळतं.

पण 'जा' कशासाठी म्हणलं? इथं माझ्या डोक्यात सैराट येतं, आणि त्याच्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळं भांडण त्या एका पिक्चरात मी माझ्या हॉलमध्ये उभं राहून बघितलंय.

२९ एप्रिल २०१६. आठवतंय का तो महिना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गावात टँकर आठ दिवसाला. मी मालकाला सांगितलं होतं की या उन्हाळ्यात काही खरं नाही, दोन शो बंद करू. आणि मग सैराट लागलं. पहिले दोन दिवस बरे गेले, चौथ्या दिवसापासून जीपा भरभरून खेड्यातून लोक यायला लागले, ज्या घरात प्यायला पाणी नाही त्या घरातली पोरं तिकिटाला पैसे कुठून आणत होती देव जाणे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारं ते पहिलं मराठी पिक्चर, बनलं होतं चारेक कोटीत. बर्लिनच्या फेस्टिवलला आधीच दाखवून झालेलं. म्हणजे गल्ला पण आहे आणि मान पण आहे, तुमचा मित्र म्हणेल बघा, झालं की सिद्ध.

थांबा. आत काय चालायचं ते ऐका. झिंगाट लागलं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायला, शिट्ट्या, चिल्लर, मी दोन माणसं नुसती पडद्याच्या राखणीला उभी केली होती. आणि त्यातली काही पोरं गाणं झालं की सरळ बाहेर. दर दोन दिवसाला यायची, नाचायची, जायची. एकाला मी विचारलं, शेवट बघितलास का रे? म्हणला, "एकदा बघितला, परत नाही बघवत, तेच्यापेक्षा नाचून जातो."

आणि शेवट. पहिल्या दिवशी पहिल्या शोला मी खाली ऑफिसात होतो. शेवटी ते बारकं लेकरू रक्तात पाय भरलेले घेऊन चालत जातं तिथं आवाज पूर्ण बंद आहे, तुम्हाला माहितीय. मला माहीत नव्हतं. मला खालून एवढंच कळलं की हॉलमधला आवाज गेला. इतक्या वर्षांची सवय, आवाज गेला की सेकंदात शिट्ट्या सुरू होतात, मग खुर्च्या, मग शिव्या. मी जिना चढत पळालो, डोक्यात हेच की अँप्लिफायर उडाला, आता पब्लिक थेटर फोडणार. वर पोचलो तर ऑपरेटर हाताची घडी घालून उभा, मला म्हणला, "साउंड बरोबर हाय मालक, पिक्चरच तसं हाय." हॉलमध्ये सहाशे चाळीस माणसं आणि शिट्टी नाही. खोकला नाही. नंतर लाईट लावले तरी लोक उठेनात, मग एकेक उठले आणि न बोलता जिना उतरून गेले. बाहेर चहावाला मला म्हणला, आज काय मयत झालंय का आत.

आता मला सांगा, पडद्यापुढं नाचून निघून गेलेलं पोरगं आणि शेवटी तोंड धरून बसलेला माणूस, दोघांनी तिकीट तेवढ्याच पैशाचं काढलं. माझ्या डीसीआरवर दोघं सारखे. गल्ल्याला तेवढंच दिसतं, दोन तिकिटं गेली. ती शांतता माझ्या कोणत्याच रजिस्टरात लिहायची सोय नव्हती. आणि माझ्या मते पिक्चरची कला म्हणजे ती शांतता होती, त्याच लोकांना आधी दीड तास हसवून नाचवून मग तिथं आणून सोडणं. म्हणजे सैराट चाललं आणि सैराट चांगलंही होतं, पण ते ज्याच्यामुळं चाललं आणि ज्याच्यामुळं चांगलं होतं त्या दोन गोष्टी पूर्ण एक नव्हत्या. थोड्या एकमेकीत मिसळलेल्या होत्या एवढंच म्हणतो.

आणि त्याच दिग्दर्शकाचं फँड्री दोन वर्षं आधी आलं होतं. आमच्याकडं एक आठवडा चाललं, तेपण रडतखडत. गल्ल्यावरच मोजायचं तर नागराज मंजुळे दोन वर्षात कितीतरी पटीनं शहाणे झाले असं म्हणावं लागेल! मला विचाराल तर फँड्रीतला तो शेवटचा दगड अजून माझ्या कपाळावर बसलेला आहे. पण लोकांना आपल्याकडं फेकलेला दगड बघायला तिकीट काढायचं नसतं, त्यात त्यांचं काय चुकलं.

आता उलट्या बाजूचं, म्हणजे जे चालतं पण ज्याला शहाणे लोक नाकं मुरडतात त्याचं. मी केबिनमध्ये नवीन असताना, १९९१ ला, माहेरची साडी आलं. आमचे ऑपरेटर म्हणजे एक चाचा होते, प्रोजेक्टरचा उजेड कार्बनच्या कांडीवर पडायचा त्या जमान्यापासूनचे, दखनी बोलायचे. मी केबिनच्या भोकातून पडद्याकडं बघत बसायचो तर ते माझी मान खाली दाबायचे, "परदे कू क्या देखरा, पब्लिक कू देख." पडद्याचा उजेड बायकांच्या तोंडावर पडायचा. खेड्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया यायच्या, लेकरं काखेत, भाकरी फडक्यात. कोणत्या रिळाला रडतात ते चाचांना पाठ होतं, विडी विझवून म्हणायचे, "अब देख." आणि खरंच सगळा हॉल एकदम पदराला हात. पण मला जास्त आठवतं ते शो सुटल्यावरचं. बाया लगेच निघायच्या नाहीत. व्हरांड्यात बसून एकमेकींना विचारायच्या, तुझं माहेर कोणतं गं माय, किती वर्षं झाली गेली नाहीस. अनोळखी बाया.

पिक्चर म्हणून मला ते तेव्हाही बेताचंच वाटलं आणि आजही वाटतं. सगळं ताणलेलं, सगळं सांगून सांगून दाखवलेलं. पण नांदणाऱ्या बाईला चारचौघात मनसोक्त रडायला, ते पण कोणी 'काय झालं' न विचारता, गावात दुसरी जागा कोणती होती? त्या तिकिटात त्यांनी ती जागा विकत घेतली. म्हणून कोणी त्या बायांना अडाणी म्हणलं की मला राग येतो, आणि कोणी त्या गल्ल्यावरून पिक्चरला थोर कलाकृती म्हणलं तरी पटत नाही. चाचा सांगायचे की १९७५ ला जय संतोषी माँ लागलं तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत यायचे, पडद्यावर फुलं आणि पैसे टाकायचे. तो गल्ला देवीचा. आत्ता महाराजांवरची पिक्चर येतात, शेवटी लोक उभं राहून घोषणा देतात, ओक्साबोक्शी रडतात, ते रडणं एकशे एक टक्का खरं आहे, पण त्यातलं किती महाराजांसाठी आणि किती दिग्दर्शकाच्या कामासाठी हे वेगळं काढता येत नाही. देवळात गर्दी आहे म्हणून मूर्तिकार भारी असं आपण म्हणतो का?

मग कारागिरी ओळखायची कशी, तर माझ्याकडं एक केबिनची चाचणी आहे, तीपण चाचांकडूनच आलेली. ऑपरेटर हा असा प्राणी की ज्यानं तिकीट काढलेलं नाही, हिरोचं त्याला कौतुक नाही, आणि रोज चार शो असं तेच पिक्चर त्याला पंधरा दिवसात साठ वेळा सोसायचंय. तिसऱ्या दिवशी बहुतेक पिक्चर मरतात. आम्ही पाठ करून बसायचो, रीळ संपत आलं की आवाजावरनं उठायचो, नाहीतर डुलक्या. गल्ला तुडुंब असलेली कितीतरी पिक्चर अशी मेलेली मी बघितलीत, खाली शिट्ट्या आणि वर आम्ही पत्ते खेळतोय. आणि काही पिक्चर मरत नाहीत. शोले मॅटिनीला परत परत लागायचं, चाचांनी ते किती वेळा चालवलं असेल मोजदाद नाही, तरी त्या आंधळ्या इमामसाहेबांच्या सीनला ते रीळ गुंडाळायचं थांबवून भोकाशी यायचेच. एकदा मी विचारलं की चाचा आता काय नवीन आहे त्यात. म्हणले, "आज हवा की आवाज सुना मैं." खरंच, त्या सीनमध्ये वाऱ्याचा आवाज आहे, तुम्ही ऐका परत कधी.

आणि शोलेचं नशीब बघा. १५ ऑगस्ट १९७५ ला आलं, पहिल्या दिवसांत धंदेवाल्यांनी ते पडलं म्हणून सांगून टाकलेलं, समीक्षकांनी पण धरून हाणलेलं, आणि नंतर मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं. फिल्मफेअर किती मिळाले? एकच, एडिटिंगचा, एम. एस. शिंदेंना. म्हणजे त्या पिक्चरच्या बाबतीत पहिला गल्लाही चुकला आणि बक्षीसवालेही चुकले, बरोबर निघाले ते सावकाश येणारे लोक. म्हणून मी तुम्हाला असंही म्हणणार नाही की गल्ला सोडा आणि बक्षिसं बघा.

तुंबाडचं तर अजून भारी. १२ ऑक्टोबर २०१८ ला आलं, बेताचं चाललं. सप्टेंबर २०२४ ला परत लावलं आणि पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. एक फ्रेम बदललेली नाही हो! तोच पाऊस, तोच वाडा. मधल्या काळात लोकांनी घरी मोबाईलवर बघितलं, एकमेकाला सांगितलं, आणि मग मोठ्या पडद्यावर बघायला आले. पिक्चर तेच आणि गल्ला वेगळा, म्हणजे गल्ला नुसता पिक्चरचा नसतोच, तो त्या वेळच्या लोकांचा पण असतो. आणि कोर्टसारखं पिक्चर, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला आपल्याकडून गेलं, ते आमच्या गावात लागलंच नाही. त्याचा आमच्या गावातला गल्ला शून्य. ते मी पुढं पोराच्या लॅपटॉपवर बघितलं, दोन बैठकीत, आणि मला वाटलं हे आपल्या तालुका कोर्टाच्या आवारातल्या लोकांना दाखवलं असतं तर त्यांना एकेक ओळ कळली असती. चाललं असतं का? बहुतेक नसतं. पण ते लावूनच बघितलं नाही तर 'लोकांना नको असतं' हे कशावरून म्हणायचं.

आता तुम्ही लगेच खुश होऊ नका. पडलेलं पिक्चर म्हणजे आपोआप कलाकृती असंही नसतं. मी पडलेली पिक्चर शेकड्यानं चालवलीत आणि त्यातली बहुतेक पडायच्याच लायकीची होती. अकरा माणसं हॉलमध्ये, त्यातली चार झोपायला आलेली, दोघं कोपऱ्यातली, आणि दिग्दर्शक मुलाखतीत सांगतोय की प्रेक्षकांची समज कमी पडली. सहाशे माणसांना एका वेळी, एकाच ठिकाणी हसवणं ही पण कारागिरीच आहे, दादा कोंडकेंना ती होती आणि लागोपाठ नऊ सिल्वर ज्युबिल्या, म्हणजे पंचवीस-पंचवीस आठवडे चाललेली पिक्चर, उगाच होत नाहीत. तुमच्या त्या आठशे कोटीवाल्यात पण पहिल्या अर्ध्या तासाची बांधणी कोणीतरी झोप मोडून केली असणार, ती नीट बघा. तुम्हाला डुलकी इंटरव्हलनंतर लागली म्हणता, म्हणजे इंटरव्हलपर्यंत तुम्ही जागे होतात ना? मग तिथपर्यंत त्यानं काय केलं आणि नंतर काय करायचं राहिलं, हे शोधलंत तर मित्राशी भांडायला तुमच्याकडं आकड्यापेक्षा चांगलं काहीतरी असेल. आणि एक विचारतो, रागावू नका, शो रात्रीचा होता का? नाईट शोला दिवसभर राबलेल्या माणसाला डुलकी लागली तर त्याचा दोष पिक्चरवर टाकता येत नाही.

पैजेचं म्हणाल तर तिकिटं मित्रानंच काढावीत, आकड्यावरून त्याचं म्हणणं सिद्ध होत नाही. पण पॉपकॉर्न तुम्ही घ्या, आणि इंटरव्हलला समोसेही. त्या पैशाला वितरकाचा शेअर लागत नाही, आमचं लाईट बिल त्यातूनच निघतं.